चुकीच्या भोंग्याचं बिल कोणी भरायचं?

दर नोव्हेंबरात तो फोटो परत फिरायला लागतो. १९८५ मध्ये ज्वालामुखीच्या चिखलाने गाडलेल्या, कोलंबियातल्या आर्मेरो गावची १३ वर्षांची ओमायरा सांचेस, हनुवटीपर्यंत गढूळ पाण्यात, हात सुरकुतून पांढरे पडलेले, डोळे काळेभोर झालेले. आणि फोटोखाली दरवर्षी तेच भांडण. फोटोग्राफरने कॅमेरा बाजूला ठेवून पोरीला बाहेर का नाही काढलं, गिधाड कुठला. मग दुसरा कोणीतरी समजावतो की बाबा, तिचे पाय कोसळलेल्या घराखाली अडकले होते, लोकांनी ओढून बघितलं, पाणी उपसायला वेळेवर पंप मिळाला नाही, पाय कापायचे म्हटलं तर नंतर तिला जगवायची सोय तिथे नव्हती, जवळजवळ ६० तास मदतीला आलेली माणसं तिच्याशी बोलत, तिला धीर देत थांबली होती आणि फोटोग्राफर फ्रँक फूर्निये पोचला तेव्हा तिचे शेवटचे काही तास उरले होते. हे सगळं बरोबर आहे. पण या भांडणाचा मला आता कंटाळा आलाय, कारण सगळा राग एका माणसाच्या कॅमेऱ्यावर निघून जातो आणि २३ हजार माणसं ज्या कारणाने मेली त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

दुसरं भांडण २०२३ मधलं. आर्मेरो गाडणारा तोच ज्वालामुखी, नेवादो देल रुईस, बोगोतापासून पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर, ५,३०० मीटरच्या वर उंच आणि डोक्यावर बर्फ, मार्चअखेर परत गुरगुरायला लागला. एका दिवसात ११ हजारांहून जास्त बारीक भूकंप नोंदले गेले, तिथल्या भूगर्भ खात्याने अलर्ट यलोवरून ऑरेंजवर नेला, म्हणजे येत्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोठा उद्रेक होऊ शकतो, आणि राष्ट्राध्यक्ष पेत्रो यांनी वरच्या अंगाच्या साधारण अडीच हजार कुटुंबांना खाली यायला सांगितलं. बरेच जण आलेच नाहीत. गुरं कोण बघणार, बटाटा कोण काढणार, दूध कोण घालणार. एप्रिल गेला, मे गेला, मोठा उद्रेक काही झाला नाही, २७ जूनला अलर्ट परत यलोवर आला. झालं, दोन्ही बाजूंना दारूगोळा मिळाला. एक म्हणतो, २३ हजार मेले तरी या लोकांना अक्कल आली नाही, पोलीस लावून हाकलायला पाहिजे होतं. दुसरा म्हणतो, बघा, शास्त्रज्ञ नुसते घाबरवतात, शेतकऱ्यालाच आपला डोंगर कळतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजू चुकतायत, कारण दोघांनाही वाटतं की सगळा मामला शेतकऱ्याच्या डोक्यात आहे, एकाच्या मते तिथे अज्ञान आहे, दुसऱ्याच्या मते शहाणपण. मामला डोक्यात नाहीये, खिशात आहे. ज्वालामुखीचा इशारा बऱ्याचदा चुकणार, हे त्या शास्त्रातच आहे. तो चुकला की खर्च होतो, आणि आजवर तो खर्च जवळजवळ सगळीकडे ज्याला उठवलं त्याच्या माथी मारला गेलाय. जोपर्यंत चुकीच्या भोंग्याचं बिल सरकार भरत नाही तोपर्यंत भोंगा वाजवणारा कचरणार आणि ऐकणारा जागचा हलणार नाही. आर्मेरोत यातली पहिली गोष्ट झाली, २०२३ मध्ये दुसरी.

आर्मेरोची रात्र नीट बघायला हवी, कारण 'ज्वालामुखी फुटला आणि गाव गाडलं गेलं' एवढ्यावर लोक थांबतात आणि डोळ्यासमोर लाव्ह्याची नदी आणतात. लाव्हा आर्मेरोत आलाच नाही. १३ नोव्हेंबर १९८५ ला दुपारी तीनच्या सुमाराला डोंगराने राख फेकली, संध्याकाळी ती राख गावावर पडायला लागली. तिकडे इबागेला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणा, आपत्तीवाल्यांच्या बैठका चालू, गाव रिकामं करायची भाषाही झाली, पण राख थांबली, वरून जोरदार पाऊस, डोंगर ढगात गेलेला, आणि गावात लाउडस्पीकरवरून आणि रेडिओवरून सांगणं एकच, शांत राहा, घरात बसा. रात्री नऊ वाजून गेल्यावर खरा उद्रेक झाला. तोसुद्धा जगाच्या हिशोबात किरकोळ, १९८० मध्ये अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्सने जेवढं मॅग्मा बाहेर टाकलं त्याच्या जेमतेम तीन टक्के. पण तापलेली राख आणि दगड बर्फावर घरंगळले, डोक्यावरच्या बर्फापैकी साधारण दहावा हिस्साच वितळला, आणि ते पाणी राख, माती, दगडगोटे, झाडं जे सापडेल ते ओढत दऱ्यांमधून सुटलं. याला लाहार म्हणतात, शब्द इंडोनेशियातला. पाणी म्हणावं तर घरं उचलून नेतं आणि चिखल म्हणावा तर धावत्या मोटारीच्या वेगाने येतो, ओल्या काँक्रीटचा पूर समजा. वाटेत मिळेल ते गिळत गेल्यामुळे खाली पोचेपर्यंत तो मूळच्या कितीतरी पट झाला होता. पश्चिमेला चिंचिना गावाजवळ त्याने सुमारे १,९०० माणसं नेली. पूर्वेला लागुनिया नदीच्या वाटेने तो ७४ किलोमीटर आला आणि साडेअकराच्या सुमाराला, दिवे गेलेल्या, झोपलेल्या आर्मेरोत शिरला. गावात २९ हजार माणसं, त्यातली २० हजारांवर गेली.

आता घड्याळ बघा. नऊ वाजून नऊ मिनिटं ते साडेअकरा. जवळजवळ अडीच तास! आर्मेरो डोंगराच्या कुशीत नव्हतंच, खाली सपाटीवर होतं, आणि गावाला लागूनच उंचवटा होता, चालत जाता येईल असा. म्हातारी माणसं पाठीवर घेऊन, पोरांना झोपेतून उठवून, शेळीसुद्धा सोडून नेता आली असती एवढा वेळ होता. हेलिकॉप्टर नको, ट्रक नकोत, छावण्या नकोत. फक्त नऊ ते साडेनऊच्या मधे कोणीतरी घंटा बडवून ओरडायला हवं होतं की उठा, टेकडीवर चला, आणि नाही आलं काही तर सकाळी मला शिव्या द्या. हे वाक्य म्हणायची हिंमत त्या रात्री वरपासून खालपर्यंत एकालाही का झाली नाही?

माहिती नव्हती म्हणून, असं उत्तर देता येत नाही. डोंगर नोव्हेंबर १९८४ पासून जागा झाला होता. ११ सप्टेंबर १९८५ ला वाफेचा मोठा स्फोट झाला आणि एक छोटा लाहार २७ किलोमीटर खाली आला, म्हणजे ट्रेलरच दाखवला. ७ ऑक्टोबरला धोक्याचा नकाशा जाहीर झाला आणि त्यात आर्मेरो चिखलाच्या पट्ट्यात स्पष्ट रंगवलेलं होतं. उद्रेकाच्या पाच आठवडे आधी! आणि इतिहास? १५९५ मध्ये याच डोंगराच्या लाहारने ६३६ माणसं मारली, १८४५ मध्ये परत साधारण हजार, आणि पुढे आर्मेरो वसलं ते त्याच १८४५ च्या वाळलेल्या चिखलावर. म्हणजे नकाशा काढणाऱ्यांनी भविष्य वगैरे सांगितलंच नव्हतं, जमिनीत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं होतं. त्यावर प्रतिक्रिया काय आली? नकाशामुळे जागांचे भाव पडतील, धंदा बसेल, लोक घाबरतील. 'ज्वालामुखीचा दहशतवाद' हा शब्द तेव्हाच निघाला. गंमत बघा, दहशत पसरवणारा कोण तर नकाशा, डोंगर नव्हे.

इथे समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, नाहीतर माझंही म्हणणं त्या फोटोखालच्या कमेंटीसारखं व्हायचं. एक तर नकाशा 'कुठे' सांगत होता, 'कधी' नाही. ७ ऑक्टोबरलाच गाव रिकामं केलं असतं तर पाच आठवडे २९ हजार माणसं ठेवायची कुठे? आदल्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, खुद्द शास्त्रज्ञ मंडळी क्रेटरपर्यंत, म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत, जाऊन वायूचे नमुने घेऊन आली होती आणि उद्या फुटेल असं काही त्यांना दिसलं नव्हतं. आज असतं तसं डोंगराच्या प्रत्येक कण्हण्याकडे कान लावून बसलेलं केंद्र तेव्हा तिथे नव्हतं. आणि सरकारचं म्हणाल तर अवघ्या आठवडाभरापूर्वी, ६ आणि ७ नोव्हेंबरला, बोगोतात एम-१९ च्या बंडखोरांनी सुप्रीम कोर्टाची इमारत ताब्यात घेतली, लष्कराने रणगाडे घातले, न्यायाधीशांसकट शंभराच्या आसपास माणसं मेली. राष्ट्राध्यक्ष बेतान्कूर यांच्या टेबलावर त्या आठवड्यात रुईसची फाईल कितवी असेल, विचार करा. गरीब देश, यादवी चालू, अर्धवट यंत्रं. यातलं काहीच खोटं नाही.

आणि सर्वात जड मुद्दा तर पुढेच आहे. इशारा दिला आणि काहीच झालं नाही तर? कॅरिबियनमधल्या ग्वादलुप बेटावर १९७६ मध्ये नेमकं हेच झालं. ला सूफ्रिएर नावाचा ज्वालामुखी धुमसायला लागला, ७० हजारांहून जास्त माणसं हलवली, कित्येक महिने घराबाहेर ठेवली, आणि तो मोठा उद्रेक आलाच नाही. फ्रान्समधल्या दोन मोठ्या शास्त्रज्ञांमध्ये, तझिएफ आणि अलेग्र, त्यावरून इतकं जाहीर वाजलं की नंतर कित्येक वर्षं 'ग्वादलुप करू नका' ही म्हणच झाली असावी असं वाटतं. रुईसच्या वेळीही अधिकाऱ्यांच्या मनात हीच भीती होती, खात्री नसताना लोकांना हलवलं आणि तोंडघशी पडलो तर. ही भीती मला समजते. कोणत्याही कलेक्टरला विचारा, गाव रिकामं करायच्या ऑर्डरवर सही करताना हात का थरथरतो ते तो सांगेल.

पण मग शेजारचं बेटही बघा की. ग्वादलुपच्या जवळच मार्तिनिक, तिथे १९०२ च्या एप्रिलपासून माँ पेले धुमसत होता, राख पडत होती, जनावरं मरत होती, निवडणूक तोंडावर आलेली, आणि सेंट पिएर शहर जागेवरच राहिलं. ८ मे ला सकाळी काही मिनिटांत साधारण २८ हजार माणसं खलास, धीर द्यायला आलेला गव्हर्नरसुद्धा त्यातच. आता तराजूत ठेवा. एकीकडे ७० हजार माणसांचे काही महिने फुकट गेले, मजुरी बुडाली, शाळा बुडाली. दुसरीकडे शहरच संपलं. यातली कुठली चूक परवडते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरीपण अधिकाऱ्याला पहिल्या चुकीचीच भीती जास्त वाटते, का? कारण पहिल्या चुकीनंतर तक्रार करायला ७० हजार माणसं जिवंत असतात. दुसऱ्या चुकीनंतर चौकशी समिती बसते, ती म्हणते निसर्गापुढे कोणाचं काही चालत नाही. म्हणजे हिशोबच असा मांडलाय की गप्प बसणारा सुटतो आणि ओरडणारा अडकतो. अशा हिशोबात १३ नोव्हेंबरच्या रात्री कोणी घंटा बडवली नाही याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

मग लोक म्हणतात, सोपं आहे ना, मुळात तिथे राहायचंच कशाला. हा प्रश्न आपण मराठी माणसांनी विचारावा हे जरा विनोदीच आहे. आपली काळी माती, कापसाची, ज्वारीची, ती तरी कुठून आली? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच झिजून झाली ना ती. फरक एवढाच की आपला ज्वालामुखी निजला आणि त्यांचा जागा आहे. आर्मेरोला 'पांढरं शहर' म्हणायचे ते कापसामुळे. रुईसच्या पश्चिम उतारावर कोलंबियाची प्रसिद्ध कॉफी पिकते, वर थंडीत बटाटा आणि दूध. राख जमिनीला कस देते, बर्फ नदीला पाणी देतो, आणि याच दोन गोष्टी एकत्र झाल्या की लाहार. जो डोंगर मारतो त्याच्याच जिवावर चूल पेटते, हे तिथल्या शेतकऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

काही जागा मात्र खरंच राहायच्या नसतात हे मी मान्य करतो. आर्मेरो होतं ती जागा, जिथे अरुंद दरीतून नदी एकदम सपाटीला सुटते, ती लाहारने पसरायला ठेवलेली परातच आहे, तिथे आज गाव नाही ते बरंच आहे. दवाखाना, शाळा, पोलीस ठाणं अशा पट्ट्यात बांधू नये, यावर वाद नको. पण सरसकट सगळ्यांना कायमचं उठवा, हे ज्यांनी करून बघितलं त्यांना विचारा. चिलीतलं चाइतेन गाव, २००८ मध्ये वरच्या ज्वालामुखीने नदी गाळाने भरली, अर्धं गाव बुडालं, सरकारने ठरवलं गाव दुसरीकडे नवं बांधायचं, वीज-पाण्याची आशा सोडा. लोक बिनविजेचे, बिननळाचे परत येऊन राहिले, आणि शेवटी सरकारलाच मान तुकवावी लागली. इक्वादोरमध्ये तुंगुराहुआ ज्वालामुखीच्या पायथ्याशी बान्योस म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांचं पर्यटनाचं गाव आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये डोंगर जागा झाल्यावर लष्कराने बान्योस आणि आजूबाजूची मिळून साधारण २५ हजार माणसं बाहेर काढली. कुठे राहायचं, काय खायचं, हॉटेलवाल्याने कर्ज कसं फेडायचं, याचं उत्तर कोणाकडे नाही. जानेवारी २००० मध्ये लोकांनी सैनिकांशी मारामारी करून, नाकेबंदी तोडून आपलंच गाव परत ताब्यात घेतलं. ते अडाणी होते का? मला तर वाटतं त्यांनी हिशोब करूनच हे केलं. फुटेल की नाही ते माहीत नाही, पण छावणीत बसलो तर दिवाळं निघणार हे मात्र नक्की माहीत आहे. तुम्ही-आम्ही वेगळं काही केलं असतं?

आमच्या मामाच्या गावाला, कोकणात, दर पावसाळ्याच्या तोंडावर दरडीची नोटीस येते, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे अन्यथा प्रशासन जबाबदार राहणार नाही. सुरक्षित ठिकाण कुठलं ते त्यात लिहिलेलं नसतं. मामा ती नोटीस देवळीत ठेवतो, लाइट बिलांच्या खाली. हा कागद जीव वाचवायला काढलेला नाही, हात झटकायला काढलाय, हे न शिकलेल्या मामीलाही कळतं. बिल तुझं, जबाबदारी तुझी, आम्ही सांगितलं होतं.

तर मग करायचं काय, निव्वळ टीका करून काय होतंय, असं कोणी म्हणेल. म्हणून उइलाची गोष्ट, जी मला आर्मेरोपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते आणि जिचा फोटो कधीच फिरत नाही, कारण त्यात दाखवायला प्रेतं नाहीत. नेवादो देल उइला हा कोलंबियाचाच आणखी एक बर्फाचा ज्वालामुखी, रुईसच्या दक्षिणेला. खाली पाएस नदीकाठी नासा आदिवासींची गावं, बेलालकासार हे त्यातलं मोठं. एप्रिल २००७ मध्ये तो फुटला, मोठे लाहार आले, पाच हजारांच्या आसपास माणसं वेळेत वर गेली, मेलं कोणी नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये परत फुटला, रात्रीच, आणि या वेळचा लाहार आर्मेरोवर आला होता त्याच्या कितीतरी पट मोठा होता. दहा माणसं मेली. दहा. दहाही जास्तच आहेत, पण २० हजारांशेजारी तो आकडा ठेवून बघा. तोच देश, तोच प्रकारचा डोंगर, तीच गरिबी, यादवीसुद्धा चालूच होती, आणि गाव नदीच्या आर्मेरोपेक्षा जास्त जवळ, हातात अडीच तास सोडा, एक तासही नव्हता.

काय बदललं होतं? एक म्हणजे डोंगराशी बोलणारी यंत्रं बसली होती, नदीत लाहार आला की जमिनीच्या थरथरीवरून ओळखणारे सेन्सर, खाली सायरन. आर्मेरोनंतर कोलंबियाने १९८६ मध्ये मानिसालेस शहरात ज्वालामुखीची वेधशाळा काढली, १९८८ मध्ये आपत्तीचा स्वतंत्र कायदा केला, अमेरिकनांनी याच धक्क्यातून जगभर मदतीला जाणारं ज्वालामुखी पथक उभं केलं. पण नुसत्या यंत्रांनी लोक उठत नाहीत. पाएसच्या खोऱ्यात जून १९९४ मध्ये भूकंप होऊन डोंगर घसरले होते, चिखलाच्या लोंढ्यात हजारावर माणसं गेली होती, ती आठवण जिवंत होती. वाटा ठरलेल्या, वर कुठे जायचं ते ठरलेलं, सराव झालेला, आणि हे सगळं ठरवण्यात नासांची स्वतःची माणसं होती. आणि माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट ही की तिथे धावण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता. भोंगा झाला, वर गेलो, काही आलं नाही, खाली येऊन झोपलो. एक रात्रीची झोप गेली, गाय विकावी लागली नाही. बिल इतकं लहान असलं की माणूस दहा वेळा धावतो.

'लांडगा आला रे'वाला युक्तिवाद इथे नेहमी येतो, दोनदा खोटं ठरलं की तिसऱ्यांदा कोणी येणार नाही. पण त्या गोष्टीतला पोरगा मजेसाठी ओरडत होता, हे लोक विसरतात. माणसं चुकीच्या इशाऱ्यावर एवढी चिडत नाहीत, ती चिडतात इशारा का दिला हे सांगितलं नाही म्हणून, आणि त्याने झालेलं नुकसान त्यांनाच सोसावं लागलं म्हणून. ओडिशात चक्रीवादळ दर वेळी सांगितलं त्याच गावावर थोडंच येतं? तरी १९९९ मध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं गेली तिथे नंतर लाखांनी लोक शेल्टरमध्ये जातात, कारण शेल्टर चालत जाण्याएवढं जवळ आहे, दोन दिवसांचं आहे आणि तिथे भात शिजतो. पिनातुबो ज्वालामुखीचंही तेच. फिलिपिन्समध्ये १९९१ मध्ये उद्रेकाआधी हजारो लोक हलवले, अमेरिकन भूगर्भ खात्याच्या हिशोबाने निदान पाच हजार जीव वाचले, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना पटवायला जो व्हिडिओ दाखवला त्यात आर्मेरोचा चिखल होता. म्हणजे आर्मेरोच्या चित्रांनी कुठेतरी जीव वाचवले, फोटोग्राफरला गिधाड म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

माझ्या युक्तिवादातली एक कच्ची जागा मलाच दिसतेय, ती लपवत नाही. अडीच तासांचं गणित खालच्या गावांना लागू पडतं, वर डोंगराच्या अंगावर राहणाऱ्यांना नाही. क्रेटरपासून पाच-दहा किलोमीटरवर असाल आणि तापलेल्या राखेचा लोट सुटला, तर सायरन ऐकून होईपर्यंत खेळ संपलेला असतो. २०२३ मध्ये ज्या अडीच हजार कुटुंबांना खाली बोलावलं ती साधारण हीच, आणि त्यांना रात्रीपुरतं नाही तर महिनोन्महिने उठायचं होतं. म्हणूनच सगळ्यात महागडा इशारा सगळ्यात गरीब माणसाला मिळतो, दुधावर चालणाऱ्या घराला. गाई दिवसातून दोनदा पिळाव्या लागतात, अलर्टचा रंग काहीही असो. तेव्हा त्याच्यापुढे ठेवायचा प्रश्न 'तुला जीव प्यारा नाही का' हा नसून 'तुझ्या गाई कुठे बांधायच्या, चारा कोण देणार, तीन महिन्यांचं दूध कोण भरून देणार' हा आहे. २०२३ मध्ये तिथल्या सरकारला हे थोडंफार उमगलं, जनावरं हलवायची भाषा झाली, पण तोपर्यंत अलर्ट लागून गेला होता, चारा-गोठ्याची सोय अलर्टनंतर शोधायची नसते. कोणी म्हणेल एवढा पैसा आणायचा कुठून. अडीच हजार कुटुंबांचं तीन महिन्यांचं दूध आणि बटाटा, हा आकडा एका देशाच्या बजेटात किती मोठा असेल? आर्मेरो पुसलं गेल्यावर जे उभं करावं लागलं त्याच्या किती टक्के असेल? आणि बर्फ आता कमी झालाय, धोका ओसरला, असं कोणी सांगायला लागला तर त्याला आठवण करून द्या की १९८५ मध्ये फक्त दहावा हिस्सा वितळला होता.

बान्योसच्या लोकांनी नाकेबंदी तोडून गाव परत घेतलं त्यानंतरचं मात्र फार कोणी सांगत नाही. तुंगुराहुआ पुढे २०१६ पर्यंत अधूनमधून फुटतच राहिला. लोक हटणार नाहीत हे सरकारला कळलं होतं, आणि डोंगर गप्प बसणार नाही हे लोकांना. मग उतारावरच्या गावांमधलेच शेतकरी पहारेकरी झाले, 'विखियास' म्हणतात त्यांना, पगार नाही, हातात एक वॉकीटॉकी. रोज रात्री आठ वाजता वेधशाळेतला माणूस रेडिओवर एकेकाला पुकारतो आणि एकेक जण सांगतो, माझ्या बाजूला राख आहे, माझ्याकडे गडगडाट ऐकू येतोय, माझ्याकडे शांत. वेधशाळेतला माणूसही आपल्याला काय दिसतंय ते सांगतो, खात्री नसेल तर खात्री नाही म्हणून सांगतो. २००६ च्या जुलैमध्ये आणि मग ऑगस्टमध्ये मोठे उद्रेक झाले, तेव्हा याच रेडिओवरून गावंच्या गावं खाली आली. ऑगस्टच्या रात्री पालिताहुआत पाच-सहा जण राहिले ते गेले, उतारावरची बाकी हजारो माणसं वाचली. नंतर खाली सुरक्षित जागी काहींना घरं बांधून मिळाली, तिथे ते झोपतात आणि सकाळी परत वर जातात, मका आणि बटाट्याच्या वाफ्यात, कोंबड्यांना दाणे टाकायला, रेडिओ कमरेला लावून.